अपडेटनंतर देवस्थानच्या हिशोबात ₹ चे $ झाले, स्वल्पविरामही सरकले. उपाय सांगा

आबोली (फोंडा), सोमवार रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या देवस्थानचा वर्षाचा जमाखर्च मी लिहिते. म्हणजे खजिनदार माझे मामंजी, वहीही त्यांचीच, पण गेली सहा वर्षं एक्सेलची फाइल माझ्या गळ्यात आहे. येत्या रविवारी महाजनांची, म्हणजे देवस्थानच्या सभासदांची बैठक. शनिवारी रात्री संगणकाला मोठं अपडेट आलं, तासभर गोल फिरत बसलं, आणि आज फाइल उघडते तर काय, सगळा अवतारच बदललेला.

शनिवारी एकूण जमा होती ₹१२,४७,३५०.००. आज तीच $१,२४७,३५०.०० दिसतेय. बरं, सगळीकडे सारखं असतं तरी समजलं असतं. पावणीच्या (देवळातल्या लिलावाच्या) पानावर ₹ जिथल्या तिथे आहे, फक्त स्वल्पविराम सरकलेत. देणगीच्या पानावर मात्र ओळीने डॉलर.

मामंजींना प्रिंट दाखवली. त्यांची लहानपणापासूनची सवय, मोठ्या आकड्यात डावीकडून पहिला स्वल्पविराम आला की ‘लाख’ म्हणायचं. ‘एक लाख...’ म्हणाले आणि थांबले. चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा वाचलं, पुन्हा ‘एक लाख’. मग माझ्याकडे बघून, ‘गो, उरिल्ले अकरा लाख खंय गेले?’

घाबरून मी देणगीच्या पानावर हाताने ‘रु.’ लिहायला घेतलं. ३७ ओळी झाल्या, बोटं दुखायला लागली, म्हणून इथे आले. अजून चारशेच्या वर ओळी आहेत. कुणाला सोपा मार्ग माहीत आहे का?

काजूबोंड (सत्तरी), रात्री ९:५२

देवाक डॉलर पावले! बैठकीत हीच फाइल दाखवा ताई, अध्यक्षांना पुढच्या वर्षी कुणी हलवणार नाही.

मस्करी सोडा, ही अपडेटं म्हणजे ताप आहे नुसता. चालणारी गोष्ट मोडायची आणि वर ‘तुमचा अनुभव सुधारला’ म्हणायचं.

घुमट (म्हापसा), रात्री १०:०५

आबोलीताई, आधी एक करा. हाताने लिहिणं ताबडतोब थांबवा. त्या ३७ ओळींचं नंतर बघू.

आता ‘रु.’ न लिहिलेल्या एखाद्या रकमेवर क्लिक करा आणि वर, ‘एफएक्स’च्या शेजारच्या लांब पट्टीत काय दिसतं ते इथे लिहा. बेरजेचा सेल नको, तिथे सूत्र दिसेल. साधी रक्कम घ्या.

आबोली, रात्री १०:१४

पालखीच्या देणगीची ओळ घेतली. सेलमध्ये $५१,०००.०० आहे. वरच्या पट्टीत नुसतं ५१०००. ना डॉलर, ना स्वल्पविराम.

घुमट, रात्री १०:३१

मग शांत झोपा. पैसा जागेवर आहे.

एक्सेल सेलमध्ये फक्त ५१००० ठेवतं. ₹, स्वल्पविराम, दोन शून्यं हा सगळा वरून घातलेला अंगरखा. तो अंगरखा कुठला, ते एक्सेल विंडोजच्या ‘रीजन’ सेटिंगला विचारतं. तिथे भारत असेल तर तीन, मग दोन, मग दोन अंकांवर स्वल्पविराम. तिथे अमेरिका आली की सरसकट तीन-तीनवर. म्हणून स्वल्पविराम दोन्ही पानांवर सरकले.

चिन्हाची गंमत वेगळी. देणगीच्या पानाला तुम्ही कधीतरी टूलबारवरचं चलनाचं बटण दाबून फॉरमॅट दिला असणार. त्या बटणाचा अर्थ ‘या संगणकाचं जे चलन असेल ते’. पावणीच्या पानाला फॉरमॅट सेल्समध्ये जाऊन यादीतून ‘₹ इंग्लिश (इंडिया)’ असं नाव घेऊन निवडलं असणार. ते कायमचं रुपयालाच बांधलेलं. त्या सेलचा कस्टम फॉरमॅट उघडून बघा, [$₹-4009] असं काहीतरी दिसेल. ४००९ हा भारतातल्या इंग्रजीचा क्रमांक.

विंडोजची कळ आणि आर दाबा, ‘इंटल डॉट सीपीएल’ (intl.cpl) इंग्रजीत टाइप करा, एंटर मारा. रीजनची खिडकी उघडेल. सगळ्यात वर काय लिहिलंय?

आबोली, रात्री १०:४४

‘इंग्लिश (युनायटेड स्टेट्स)’!! मी कधीच केलेलं नाही हे.

थांबा. आता घरात चौकशी केली. अपडेटनंतर तीन-चार स्वागताचे पडदे आले होते म्हणे, देश विचारणारे, भाषा विचारणारे. आमच्या भाचेबुवांना गेम खेळायची घाई. ‘मामी, मी फक्त नेक्स्ट नेक्स्ट केलं.’

काजूबोंड, रात्री १०:४७

अपडेटाक मी दिलेल्यो शिव्यो परत घेता. भाच्याक दिवात.

घुमट, रात्री १०:५८

तिथेच ‘इंग्लिश (इंडिया)’ निवडा. मग ‘अॅडिशनल सेटिंग्ज’मध्ये जा. आत नंबर्स आणि करन्सी असे दोन वेगवेगळे टॅब आहेत आणि दोन्हीकडे ‘डिजिट ग्रुपिंग’ आहे. लोक एक बदलतात आणि दुसरा विसरतात. दोन्हीकडे १२,३४,५६,७८९ असा नमुना दिसला पाहिजे. करन्सीत चिन्ह ₹ आहे ना तेही बघा. ओके करा, एक्सेल पूर्ण बंद करून परत उघडा.

आबोली, रात्री ११:१०

आलं!! ₹ आला, स्वल्पविराम जागेवर आले. देव बरें करूं घुमट.

पण एकूण जमा आता ₹१२,२८,८१३.०० दिसतेय. १८,५३७ कमी. आता हे कुठे गेले?

शिगमो (डिचोली), रात्री ११:१६

बाजूला बसून वाचत होतो. १८,५३७ भागिले ३७ बरोबर ५०१. तुम्ही ज्या ओळींत ‘रु.’ लिहिलंत त्या सगळ्या ५०१ च्या अभिषेकाच्या पावत्या होत्या का?

आबोली, रात्री ११:१९

हो!! सगळ्या अभिषेकाच्या. तुम्ही पोलिसात का नाही गेलात?

घुमट, रात्री ११:२७

शिगमो, मानलं.

तर कारण असं. ‘रु. ५०१’ लिहिलं की एक्सेलच्या दृष्टीने ते अक्षर झालं, ‘नारळ’ लिहिल्यासारखं. ‘सम’चं सूत्र अक्षरं गुपचूप सोडून देतं. लाल खूण नाही, तक्रार नाही. डॉलर दिसला तर निदान कुणीतरी दचकतं, ही बेरीज मात्र ऑडिटपर्यंत चुपचाप जाते. ओळखायची खूण एकच, आकडे सेलच्या उजव्या कडेला चिकटतात, अक्षरं डाव्या. म्हणून रकमेचा रकाना कधीही हाताने मधोमध किंवा उजवीकडे सरकवू नका, ती खूणच पुसली जाते.

दुरुस्तीसाठी फक्त तो रकाना निवडा. कंट्रोल एच. वरच्या चौकटीत ‘रु.’ आणि पुढची मोकळी जागा, खालची चौकट रिकामी, रिप्लेस ऑल.

आबोली, रात्री ११:४१

३५ ओळी झटकन उजवीकडे गेल्या. दोन हट्टाने डावीकडेच बसल्यात. त्या दोन रकमा मी व्हॉट्सअॅपवरच्या निरोपातून उचलून चिकटवल्या होत्या.

घुमट, रात्री ११:५०

त्यात दिसायला साधी पण जातीने वेगळी मोकळी जागा आली असणार, न तुटणारी, क्रमांक १६०. कळफलकावरची मोकळी जागा ३२ क्रमांकाची, म्हणून रिप्लेसला ती सापडत नाही. त्या सेलमध्ये एफ-टू दाबून आत जा, तीच मोकळी जागा माऊसने निवडून कॉपी करा, आणि रिप्लेसच्या वरच्या चौकटीत चिकटवा. दोनच ओळी आहेत तर सरळ परत टाइप केल्यात तरी चालेल म्हणा.

आबोली, रात्री ११:५५

परत टाइप केल्या. १२,४७,३५०. झोपते आता.

मांडवीकाठी (पणजी), मंगळवार सकाळी ९:२०

मी हे सगळं वाचलं, पण माझी अडचण निराळी. कचेरीतल्या संगणकावर रीजनचं पान कुलूपबंद आहे. विनंती पाठवा, सही घ्या, आठ दिवस थांबा. तोवर साहेबांना लाखात आकडे हवेत. सेटिंगला हात न लावता काही करता येतं का?

घुमट, सकाळी ९:४५

येतं. अंगरखा फाइलमध्येच शिवून टाकायचा. रकाना निवडा, कंट्रोल एक, नंबर, कस्टम. तिथे हे:

[>=10000000]"₹"##\,##\,##\,##0.00;[>=100000]"₹"##\,##\,##0.00;"₹"##,##0.00

अर्धविरामाने तीन तुकडे पडलेत. कोटीच्या वर असेल तर पहिला, लाखाच्या वर दुसरा, बाकी सगळ्याला तिसरा. उलट्या तिरप्या रेघेमागचा स्वल्पविराम म्हणजे ‘इथे नुसतं चिन्ह काढ, स्वतःची अक्कल चालवू नको’. त्यामुळे संगणक अमेरिकन असो की भारतीय, लाख लाखाच्याच जागी.

मांडवीकाठी, सकाळी १०:०२

चिकटवलं. ‘हा फॉरमॅट चालत नाही’ म्हणतंय.

घुमट, सकाळी १०:०६

कशातून चिकटवलं?

मांडवीकाठी, सकाळी १०:०९

आधी वर्डमध्ये ठेवलं होतं, तिथून. आणि कळफलक मराठीवर होता तेव्हा शेवटची दोन शून्यं मी स्वतः लिहिली, चुकून खोडली गेली होती.

घुमट, सकाळी १०:१५

मग दोन रोग एकदम. वर्ड सरळ अवतरणचिन्हं वाकडी करून ठेवतं, आणि एक्सेलला फॉरमॅटात सरळच लागतात. दुसरं, फॉरमॅटातलं शून्य इंग्रजी हवं. आपलं ‘०’ त्याला शून्य वाटत नाही, वेलांटी-उकारासारखं एखादं अक्षर वाटतं. इंग्रजी कळफलकावर या आणि थेट इथून उचला.

मांडवीकाठी, सकाळी १०:२१

झालं. साहेब खूश. पण तूट दाखवणारा रकाना अजून -₹१,२४७,००० असाच दाखवतोय. उणे रकमेला लाख कळत नाहीत का?

घुमट, सकाळी १०:४०

नाही कळत, आणि त्यात तुमची चूक नाही. एका फॉरमॅटात दोनच अटी घालता येतात, त्या मी कोटी आणि लाखावर खर्च केल्या. उणे रक्कम एक लाखापेक्षा लहानच, त्यामुळे ती थेट तिसऱ्या तुकड्यात पडते, आणि तिथला स्वल्पविराम परत संगणकाच्या मर्जीवर.

त्याला कंडिशनल फॉरमॅटिंगचा वेगळा नियम करा. ‘-१००००० किंवा त्याहून कमी’ अशी अट, आणि त्या नियमाच्या नंबर फॉरमॅटमध्ये एवढंच:

"₹"##\,##\,##0.00

तुकडा एकच असला की उणे चिन्ह एक्सेल आपणहून लावतं. कोटीची तूट असेल तर आणखी एक नियम, पण मग स्वल्पविरामापेक्षा मोठा प्रश्न आहे.

जायांचीवळेसर (मडगाव), सकाळी ११:३०

एवढे कष्ट कशाला? लिबरऑफिस घ्या, फुकट आहे. कॅल्कमध्ये सेलच्या फॉरमॅटमध्येच भाषा निवडायची सोय आहे. ‘इंग्लिश (इंडिया)’ निवडलं की त्या सेलपुरते लाख-कोटी. संगणकाचं सेटिंग काही असो. सगळ्या फाइलींना हवं असेल तर टूल्स, ऑप्शन्समध्ये भाषेच्या पानावर लोकेल (देश-भाषेचं सेटिंग) आणि ‘डिफॉल्ट करन्सी’ दोन्ही बदलता येतात.

काजूबोंड, सकाळी ११:४१

नायतर गूगल शीट्स. फाइल, सेटिंग्ज, लोकेल, इंडिया. ते सेटिंग फाइलचं असतं, संगणकाचं नसतं. भाच्याने नेक्स्ट दाबून दाबून बटण झिजवलं तरी फाइल हलत नाही.

घुमट, दुपारी १२:०५

दोन्ही बरोबर. पण ताईंच्या खजिनदारांना, अध्यक्षांना, ऑडिटरला एक्सेलच हवं असतं, तिथे आपला इलाज नाही. आणि एक्सेलची फाइल मेलने पाठवली की समोरच्याच्या संगणकाचा अंगरखा चढतो, हे विसरू नका. बैठकीला जायची ती पीडीएफ करूनच जाऊ द्या.

तांगो (केपें), दुपारी १:१५

तुम्ही सगळे डॉलर बघून दचकलात, मला मात्र आमच्या आजोबांची वही आठवली. किराणा मालाचं दुकान होतं त्यांचं. तुम्हा पोरांना ठाऊक नसेल, पण गोव्यात $ हे चिन्ह डॉलर येण्याच्या कितीतरी आधीपासून आहे.

पोर्तुगीज काळात आधी रुपिया चालायची, एका रुपियेचे सोळा तांगे. मग राजवटीच्या शेवटच्या दोन-तीन वर्षांत एस्कुदो आला, सहा एस्कुदोंना एक रुपिया या भावाने, आणि एका एस्कुदोचे शंभर सेंताव. एस्कुदो लिहायची रीत अशी की पूर्णांक आणि सेंताव यांच्या मधोमध $. म्हणजे १२५$५० याचा अर्थ सव्वाशे एस्कुदो पन्नास सेंताव. दशांश चिन्हाचं काम $ करायचं. आजोबांच्या वहीत एका पानावर रुपिया-तांगे, पुढच्या पानापासून $ मधे घातलेले एस्कुदो. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, मग भारतीय रुपये आले, तेही नव्या पैशांचे. शंभर नव्या पैशांचा रुपया देशात १९५७ पासून सुरू झाला होता, आपल्याकडे तो थेट तयारच आला. एवढी उलथापालथ त्या माणसाने एका टाकाने लिहून काढली, एकदाही ‘रिप्लेस ऑल’ न करता.

बाकी चालू द्या.

शिगमो, दुपारी १:२२

काका, त्या पानाचा फोटो टाका ना. हा धागा मग पैसा वसूल.

तांगो, दुपारी १:३०

वही वाळवीने बरीच खाल्ली आहे. राहिलंय तेवढ्याचा काढतो, नातू आला की.

माडानी (मोरजी), दुपारी ३:०५

पोर्तुगालवरून आठवलं. आमचे चार खोल्यांचे गेस्ट हाउस आहे. परदेशी एजंट महिन्याचा हिशोब सीएसव्हीमध्ये (साध्या मजकुराच्या फाइलीत) पाठवतो, युरोमध्ये. त्यात १.२५० असं असतं, म्हणजे साडेबाराशे युरो. तिकडे हजाराला टिंब आणि दशांशाला स्वल्पविराम, आपल्या उलट. फाइलवर डबल क्लिक केलं की एक्सेल ते सव्वा युरो करून टाकतं. गेल्या हंगामात मी एका पाहुण्याला ‘तुम्ही सव्वा युरोत आठवडा राहिलात’ असं पत्र लिहायच्या बेतात होते.

घुमट, दुपारी ३:४०

माडानीबाय, त्यावर डबल क्लिक कधीच करू नका, कारण उघडल्याक्षणी १.२५० चं १.२५ होऊन बसतं. मग ते मुळात साडेबाराशे होतं की खरंच सव्वा, हे कुणीच सांगू शकत नाही.

आकड्यांचा तो रकाना आधी अक्षर म्हणून आत घ्या. एक्सेलच्या डेटा मेनूतून टेक्स्ट फाइल आयात करताना रकान्याचा प्रकार ‘टेक्स्ट’ ठेवता येतो. मग तो निवडून ‘टेक्स्ट टू कॉलम्स’, शेवटच्या पायरीवर ‘अॅडव्हान्स्ड’. तिथे दशांशाला स्वल्पविराम, हजाराला टिंब असं सांगा. किंवा ‘नंबरव्हॅल्यू’चं सूत्र, त्याला दुसरं आणि तिसरं मूल्य म्हणून हीच दोन चिन्हं द्यायची.

आणि युरोला ₹ चा अंगरखा घालू नका. फॉरमॅट बदलला म्हणजे चलन बदललं नाही. हे सांगायची गरज नाही असं वाटतं, पण मी एका हॉटेलात युरोच्या रकान्याला ₹ लावून तशीच बेरीज केलेली पाहिली आहे.

आबोली, बुधवार रात्री ८:१५

पुन्हा मी. महिनावार गोषवारा काढला. मार्चची जमा फारच कमी, आणि नोव्हेंबरात शिगम्याची देणगी! नोव्हेंबर म्हणजे अजून यायचा आहे तो नोव्हेंबर. रविवारी संध्याकाळी माझ्या मुलीने मार्चच्या १४ पावत्या टाकल्या होत्या. त्या पानावर चलनाचं चिन्हच ठेवलेलं नाही, त्यामुळे तिला काही वेगळं दिसलं नाही.

घुमट, रात्री ८:३५

अरेरे. हे मी सोमवारीच विचारायला हवं होतं, चूक माझी.

रीजन अमेरिकन झालं की तारखाही उलट वाचल्या जातात, आधी महिना, मग दिवस. तिने ११/३ लिहिलं, एक्सेलने ३ नोव्हेंबर समजून ठेवलं. ५/३ चं ३ मे. आणि २७/३ लिहिलं तिथे सत्ताविसावा महिना नसल्यामुळे ते अक्षर म्हणून डावीकडे पडून राहिलं. १२ पर्यंतच्या तारखा बिनबोभाट चुकीच्या महिन्यात, त्यापुढच्या कुठल्याच महिन्यात नाहीत.

तारीख आत नुसता एक आकडा असते. १ एप्रिल २०२५ म्हणजे ४५७४८. अपडेटच्या आधी टाकलेल्या तारखांचे आकडे बरोबर आहेत, त्या आता रीजन सुधारल्यावर नीट दिसतील. पण रविवारी आकडाच चुकीचा साठवला गेलाय. तो सेटिंग बदलून सुधारत नाही.

पावती क्रमांकाने रांग लावा. क्रमांक चढतात तशा तारखाही चढल्या पाहिजेत. जिथे मधेच उडी दिसेल ती ओळ रविवारची.

आबोली, रात्री ९:०२

१४ पैकी ५ उड्या, ९ डावीकडे चिकटलेल्या. पावतीपुस्तक घेऊन चौदाही पुन्हा टाकल्या. मुलगी म्हणते, ‘आई, मी बरोबरच लिहिलं होतं.’ लिहिलं होतंच गो बाय.

सोलकडी (पेडणे), गुरुवार दुपारी ४:१०

धाग्यात घुसते, माफ करा. २०११ ची एक जुनी फाइल नव्या लॅपटॉपवर उघडली. सगळ्या रकमांच्या आधी ₹ च्या जागी ` अशी डावीकडे झुकलेली टिकली दिसते. हाही रीजनचा प्रकार का?

जायांचीवळेसर, सायंकाळी ५:००

नाही, हा फॉन्टचा. ₹ हे चिन्ह सरकारने जुलै २०१० मध्ये स्वीकारलं, उदय कुमार यांनी केलेली रचना. त्याच वर्षी युनिकोडमध्ये त्याला स्वतःचा क्रमांक मिळाला, पण संगणकांवर पोचायला वेळ लागला. तोवर लोकांनी जुगाड केला, टॅबच्या वरच्या कळीवर ` च्या जागी ₹ चं चित्र बसवलेला फॉन्ट. फाइलमध्ये खरं तर ` च आहे, तो फॉन्ट तुमच्या नव्या लॅपटॉपवर नाही एवढंच. आणि रकमा अशा चिन्हासकट टाइप केल्या असतील तर त्या अक्षरंच आहेत. आबोलीताईंचा रिप्लेसचा उपाय करा, मग ₹ फॉरमॅटने लावा.

सोलकडी, सायंकाळी ५:१८

तंतोतंत. मग त्या फाइलीत बेरीज शून्य का यायची ते चौदा वर्षांनी कळलं. तेव्हा आम्ही कॅल्क्युलेटरवर करून खाली हाताने लिहायचो.

आबोली, रविवार रात्री १०:३०

बैठक झाली. पीडीएफच नेली. जमा, खर्च, शिल्लक, सगळं वहीशी जुळलं.

फक्त एका ठिकाणी अडलं. उत्सवाच्या मंडपाचा २५,००० खर्च तिन्ही वांगडांत (महाजनांच्या घराण्यांत) सारखा वाटायचा होता. मी पैसे लपवून पूर्ण रुपये दाखवले होते, तर तिघांपुढे ८,३३३, ८,३३३, ८,३३३ आणि खाली २५,०००. मागच्या रांगेतून एक म्हातारे महाजन उठले. ‘हांव शाळेक चवथी मेरेन गेलां. तीन वांगडांचे मेळून चोवीस हजार णवशें णव्याण्णव जातात. एक रुपयो कोणाच्या बोलसांत गेलो?’ सभेत हशा. मामंजींनी खिशातून रुपयाचं नाणं काढून टेबलावर ठेवलं.

घुमट, रात्री १०:५०

म्हातारे बरोबर. आत ८३३३.३३३ होतं, दिसताना ८,३३३, बेरीज आतल्या आकड्यांची. ‘राउंड’ लावलंत तर खाली २४,९९९ येईल, म्हणजे रुपया दिसेल पण हरवलेलाच राहील. अशा ठिकाणी दोघांना ८,३३३ आणि तिसऱ्याला ८,३३४ असंच लिहायचं. कुठल्या वांगडाला ते एक्सेल सांगणार नाही.

आबोली, रात्री ११:०५

त्यावरच अर्धा तास वाद झाला. शेवटी चिठ्ठी टाकली.

जाता जाता एक. मामंजींना रकमेच्या मागे वहीतल्यासारखं ‘/-’ हवंय, चेकवर लिहितात तसं. हाताने लिहीत नाही, शपथ.

घुमट, रात्री ११:१२

[>=10000000]##\,##\,##\,##0"/-";[>=100000]##\,##\,##0"/-";##,##0"/-"

पैसे असलेल्या रकान्याला लावू नका, गोल होऊन दिसतील आणि ते म्हातारे परत उठतील.

तांगो, रात्री ११:४०

नातू आला. फोटो जोडलाय. डावीकडे वरून चौथी ओळ बघा, गुळाची ढेप, १२$५०. खालचा कोपरा वाळवीचा.